अकरावी-बारावीतच कॉलेजचे क्रेडिट: आपल्याकडे सगळं आहे, फक्त नोंद होत नाही

जून महिना लागला की आमच्या स्टाफरूममध्ये एकच विषय असतो, बारावीची पोरं वर्गात येत नाहीत. ऍडमिशन असते, फी भरलेली असते, जर्नलंही वेळेवर सही होऊन जातात, पण पोरगं असतं क्लासला, नाहीतर लातूरला, नाहीतर थेट कोट्याला. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला मॅथ्स शिकवते, बरीच वर्षं झाली आता, आणि पोरांना बोलून काही उपयोग नाही असं माझं ठाम मत आहे, कारण त्यांचा हिशोब सरळ आहे. वर्गात बसून काय मिळणार, तर बोर्डाचे मार्क, आणि इंजिनिअरिंग-मेडिकलला ते मार्क फक्त पात्रतेपुरते लागतात, नंबर लागतो तो जेईई, नीट, सीईटीवर. आणि त्यात नंबर नाही लागला तर? मग दोन वर्षं जे काही शिकलं त्याचं पुढे कोणी नावही काढत नाही, एफ.वाय.ला जाऊन बसायचं आणि शून्यापासून सुरू करायचं.

हे मला फार लागतं. कारण ही पोरं शिकलेली असतात हो! डेरिव्हेटिव्ह काढतात, इंटिग्रेशन करतात, डिफरन्शियल इक्वेशन सोडवतात. माल पिकला, खळ्यात येऊन पडला, पण काटाच झाला नाही, तशातली गत आहे.

म्हणून आज लिहायला बसले. माझे धाकटे दीर टेक्सासला असतात, त्यांची मुलगी तिकडे हायस्कूलला होती तेव्हा तिच्याशी फोनवर अभ्यासाचं बोलणं व्हायचं, ती विचारायची काकू हे इंटिग्रेशन कसं करू, आणि त्यातून मला कळत गेलं की ती जे करतेय ते अर्धं कॉलेजचंच आहे आणि त्याचे तिला कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे झालेल्या अभ्यासाचं डिग्रीत मोजलं जाणारं माप, मिळतायत, शाळेत असतानाच! मग मी ते सगळं नीट वाचून काढलं. आपल्याकडे याच्याबद्दल दोन टोकाचे समज आहेत, एक म्हणजे हे फक्त फार हुशार पोरांचं काम आहे, आणि दुसरा म्हणजे हे अमेरिकेतलं आहे, आपला काय संबंध. दोन्ही मला पटत नाहीत.

आधी तिकडचं सांगते. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. त्यानंतर चार वर्षांची बॅचलर डिग्री, आणि ती साधारण १२० क्रेडिटची असते. एक नेहमीचा विषय तीन क्रेडिटचा, म्हणजे आठवड्याला तीन तास असं एक सेमिस्टर. तिकडे बऱ्याच ठिकाणी क्रेडिटला पैसे पडतात, जेवढे क्रेडिट घ्याल तेवढी फी, त्यामुळे शाळेत असतानाच जेवढे क्रेडिट पदरात पडले तेवढा डिग्रीचा खर्च कमी आणि वेळही कमी. आता हे क्रेडिट मिळवायचे दोन मोठे रस्ते आहेत आणि त्या दोघांचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला रस्ता परीक्षेचा. एपी म्हणतात त्याला, ऍडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड नावाची संस्था घेते, तीच जी कॉलेज प्रवेशासाठीची एसएटी परीक्षा घेते. १९५०च्या दशकात सुरू झालेली योजना आहे ही, १९५६ साली पहिल्या परीक्षा झाल्या. शाळेत वर्षभर तो विषय कॉलेजच्या पातळीवर शिकायचा आणि मे महिन्यात एक परीक्षा, १ ते ५ असा स्कोअर. बरीच सरकारी कॉलेजं ३ ला क्रेडिट देतात, नावाजलेली कॉलेजं ४ किंवा ५ मागतात, आणि काही तर देतच नाहीत, डार्टमथ कॉलेजने २०१४ला आलेल्या बॅचपासून एपीचे क्रेडिट डिग्रीत धरणं बंद केलं. त्याच संस्थेची अजून एक परीक्षा आहे सीएलईपी नावाची, १९६७ पासून, तिला तर वर्गात बसायचीही अट नाही, कुठूनही शिका, परीक्षा द्या, पास झालात तर क्रेडिट. मला ही कल्पना फार आवडली, कारण शिकलास कुठे हे कोणी विचारत नाही, येतं का एवढंच विचारतात.

दुसरा रस्ता म्हणजे ड्युअल एनरोलमेंट, टेक्सासमध्ये ड्युअल क्रेडिट म्हणतात. यात परीक्षा-बिरीक्षा एकच मोठी अशी नाही, पोरगं सरळ जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा विषय घेतं, तो त्याच्या हायस्कूललाही मोजला जातो आणि कॉलेजलाही. मिनेसोटा राज्याने १९८५ ला कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजात जाऊन बसायला मोकळीक दिली, फी सरकारने भरायची, आणि वॉशिंग्टन राज्याने १९९० ला रनिंग स्टार्ट नावाने तसंच सुरू केलं. आता तर ही गोष्ट तिकडच्या खेड्यापाड्यांतही आहे. टेक्सासने २०२३ ला अजून एक केलं, गरीब घरच्या मुलांना ज्या कॉलेजांनी योजनेत भाग घेतलाय तिथे ड्युअल क्रेडिट फुकट.

आमच्या पुतणीने हा दुसरा रस्ता धरला. इंग्लिशचं निबंधलेखन, अमेरिकेचा इतिहास, राज्यशास्त्र असे विषय तिने हायस्कूलमध्येच कम्युनिटी कॉलेजचे म्हणून करून टाकले आणि मॅथ्स एपीने केलं. टेक्सासमध्ये एक गोष्ट फार चांगली आहे, सगळ्या सरकारी कॉलेजांचा मिळून ४२ क्रेडिटचा एक सामायिक गाभा ठरलेला आहे, त्यातला विषय एका सरकारी कॉलेजात झाला की दुसऱ्या सरकारी कॉलेजाला तो मानावाच लागतो. त्यामुळे तिचं पहिलं वर्ष बरंचसं मोकळं झालं. पण तिच्याच मैत्रिणीने दुसऱ्या राज्यातल्या खाजगी कॉलेजात ऍडमिशन घेतली, तिला क्रेडिट मिळाले खरे पण ते तिच्या मुख्य विषयात लागेनात, ऐच्छिक म्हणून पडून राहिले, म्हणजे कागदावर आहेत पण डिग्री काही लवकर संपत नाही. हा फरक कोणी आधी सांगत नाही. क्रेडिट मिळणं वेगळं, आणि ते जिथे पाहिजे तिथे लागू होणं वेगळं.

अजून एक धोका. एपीत वाईट स्कोअर आला तर पोरगं तो कॉलेजला पाठवतच नाही, विषय संपला. पण ड्युअल क्रेडिटमध्ये जी ग्रेड येते ती कॉलेजच्या कायमच्या रेकॉर्डवर जाते, सोळाव्या वर्षी आळस केला आणि सी किंवा डी आली तर ती पुढे मेडिकलला अर्ज करतानाही दिसते. तेव्हा झेपेल तेवढंच घ्यावं, चार मैत्रिणींनी घेतलं म्हणून आपणही चार विषय घेतले असं करू नये. इकडे कोणाचे नातेवाईक तिकडे असतील आणि पोरं त्या वयाची असतील तर हे त्यांना जरूर सांगा.

आता इकडे येते, कारण मला खरं बोलायचं आहे ते इकडचं.

पुतणीचं एपी कॅल्क्युलस एबीचं पुस्तक मी बघितलं. लिमिट, डेरिव्हेटिव्ह, त्याचे उपयोग, इंटिग्रेशन, क्षेत्रफळ, सोप्या डिफरन्शियल इक्वेशन. आता आपल्या बारावी बोर्डाचं मॅथ्स पार्ट टू उघडा! डिफरन्शिएशन, ऍप्लिकेशन्स ऑफ डेरिव्हेटिव्हज, इनडेफिनिट इंटिग्रेशन, डेफिनिट इंटिग्रेशन, ऍप्लिकेशन, डिफरन्शियल इक्वेशन, वर प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन आणि बायनॉमियल. लिमिट आपण अकरावीतच उरकलेलं असतं. तिकडे ज्याला कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरचं कॅल्क्युलस म्हणून क्रेडिट देतात ते आपल्या पारोळ्याचं, चोपड्याचं, शिरपूरचं पोरगं बारावीला करतंच. आकृत्यांवरून आणि ग्राफवरून विचार करायला लावणारे प्रश्न एपीत जास्त असतात हे कबूल, आपण सूत्रं आणि रीती जास्त घोटून घेतो, तेवढा फरक आहे आणि तो भरून काढता येतो. पण विषय तोच आहे. आणि आपलं पोरगं पुढच्या वर्षी बी.एस्सी.ला गेलं की त्याला पुन्हा लिमिटपासून सुरुवात! हां, एफ.वाय.ला सिद्धता येतात, मीन व्हॅल्यू थिअरम नीट सिद्ध करावा लागतो, ते बारावीत नसतं, म्हणून सगळंच माफ करा असं मी म्हणणार नाही. पण जेवढं झालंय तेवढ्याची नोंद का नको?

आणि आपल्याकडे तर गंमतच आहे, महाराष्ट्रात अकरावी-बारावीला आपण शाळा म्हणतच नाही, कॉलेज म्हणतो. पोरगी दहावी झाली की आजी शेजारी सांगते, आमनी नात कॉलेजले जास. आणि ती खरंच कॉलेजातच जाते! जळगावचं मूळजी जेठा घ्या, अमळनेरचं प्रताप कॉलेज घ्या, दोन्ही १९४५ची, किंवा भुसावळ, चाळीसगाव, धुळ्याची जुनी कॉलेजं घ्या, ज्युनिअर आणि सिनिअर एकाच आवारात आहे. तेच गेट, तेच मैदान, तीच लायब्ररीची इमारत, बऱ्याच ठिकाणी लॅबही भिंतीपलीकडे. अमेरिकेत पोरांना कॉलेजच्या आवारात न्यायला बस लावतात, आपलं पोरगं रोज त्याच आवारात सायकल लावतं, पण भिंतीपलीकडच्या एफ.वाय.च्या वर्गात जाऊन बसायची सोय नाही, कारण ज्युनिअर बोर्डाखाली आणि सिनिअर विद्यापीठाखाली.

शिक्षकांचंही तेच. तिकडे ड्युअल क्रेडिटची सगळ्यात मोठी अडचण काय आहे माहितीये? शाळेतला शिक्षक कॉलेजचा विषय शिकवायला पात्र नसतो. बऱ्याच ठिकाणी अट असते की शिक्षकाकडे मास्टर्स डिग्री हवी आणि त्या विषयाचे १८ ग्रॅज्युएट, म्हणजे पदव्युत्तर पातळीचे क्रेडिट हवेत, आणि लहान गावातल्या हायस्कूलला असा शिक्षक मिळत नाही, मग ऑनलाइन करावं लागतं. आणि आपल्याकडे? ज्युनिअर कॉलेजचा शिक्षक एम.एस्सी. बी.एड., एम.ए. बी.एड., एम.कॉम. बी.एड. असतोच, त्याशिवाय नेमणूकच होत नाही. म्हणजे जी गोष्ट तिकडे पैसे खर्च करून जमवावी लागते ती आपल्या प्रत्येक तालुक्यात आधीपासून बसलेली आहे. इमारत आहे, मास्तर आहेत, सिलॅबस आहे. पोरांची शिकायची इच्छा तर आहेच, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

कोणी म्हणेल हे आपल्या लोकांना समजणार नाही. का नाही समजणार, आपल्या खान्देशात गेली कितीतरी वर्षं प्रत्येक घरात हे समजतं, फक्त वेगळ्या नावाने, डायरेक्ट सेकंड इयर! दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला, बारावी सायन्स झालेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. डीएसवाय डीएसवाय म्हणतात ते हेच. मागे जे शिकलास ते मोजलं, पुढचं एक वर्ष वाचलं. क्रेडिटची सगळी कल्पना यातच आली. माझ्या वर्गातला एक मुलगा, वडील यावल तालुक्यात केळीच्या बागेत मजुरीला, बारावीला सीईटीत फार काही झालं नाही, डिप्लोमाच्या सेकंड इयरला गेला, तिथून इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला, आज चांगल्या नोकरीला आहे. त्याला कोणी असं म्हटलं असतं की तुझी बारावी वाया गेली, पहिल्यापासून ये, तर तो आलाच नसता, घरची ताकदच नव्हती तेवढी. बी.एस्सी., बी.ए., बी.कॉम.ला जाणाऱ्या पोरांसाठी असं काहीच नाही आणि आपल्याकडे संख्या त्यांची जास्त आहे.

सरकारी पातळीवर काहीच झालं नाही असं नाही, उलट बरंच झालंय, फक्त ते आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. २०२० चं नवीन शैक्षणिक धोरण आलं, २०२१ च्या जुलैत ऍकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, म्हणजे विद्यार्थ्याच्या नावाचं खातं, कुठल्याही मान्य संस्थेत कमावलेले क्रेडिट त्यात जमा, आणि ते जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क आलं आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण त्यात पहिल्यांदा शाळासुद्धा क्रेडिटमध्ये धरली. वर्षाला १२०० तास शिक्षण म्हणजे ४० क्रेडिट, ३० तासांना एक. त्यात पायऱ्या आहेत, दहावी पायरी ३, अकरावी ३.५, बारावी ४, आणि डिग्रीचं पहिलं वर्ष ४.५. सीबीएसईने २०२४-२५ ला सहावी, नववी आणि अकरावीसाठी याचा पायलटही घेतला. शाळेत अपार आयडी काढायला लावतात ना, विद्यार्थ्याचा कायमचा बारा आकडी ओळख क्रमांक, पालक विचारतात मॅडम हे आता काय नवीन, तर ते याच्यासाठी आहे.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी पालकांनी समजून घेतली पाहिजे. बारावीचे ४० क्रेडिट खात्यात जमा झाले म्हणजे बी.एस्सी.चे ४० कमी झाले असं नाही! ते पायरी ४ चे आहेत, डिग्रीची सुरुवात ४.५ ला होते. ती शाळेच्या शिक्षणाची नोंद झाली, कॉलेजचं क्रेडिट नाही झालं. तिकडचं ड्युअल क्रेडिट म्हणजे शाळेत बसून पायरी ४.५ चा विषय करणं आणि तो दोन्हीकडे मोजला जाणं. ती शेवटची अर्धी पायरी आपल्याकडे अजून बांधायची राहिली आहे, आणि मला जे मागायचं आहे ते एवढंच आहे.

कोणासाठी मागतेय ते सांगते. टॉपरसाठी नाही. टॉपर कुठेही जाईल, आयआयटीला जाईल, तिथे तसंही बारावीचं कोणी काही मोजत नाही. मला दिसतात त्या माझ्या वर्गात दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या मुली. एरंडोल, पारोळा, धरणगाव बाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा पास ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत फुकट असतो, आणि ही योजना मला फार मोठी वाटते, तिने किती मुली दहावीच्या पुढे आल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बारावी झाली की तो पास संपतो. आणि नेमकं तेव्हाच घरात स्थळं बघायला सुरुवात होते. एका मुलीचे वडील मला सरळ म्हणाले, बारावी व्हई गई ना मॅडम, आते बस. वाईट माणूस नव्हता, कापसाचं नुकसान झालेलं, दुसरी मुलगी पाठीवर, त्यांनी त्यांच्या परीने विचार केलेला. ती मुलगी मॅथ्समध्ये वर्गात पहिल्या पाचात होती. आता समजा तिच्या खात्यात त्या दोन वर्षांत एका सेमिस्टरचे का होईना कॉलेजचे क्रेडिट जमा असते, तर मी त्या वडिलांना सांगू शकले असते की आबा, हिचं कॉलेज सुरू झालेलं आहे, अर्धं वर्ष झालंसुद्धा, आता मधेच नका सोडवू. सुरू झालेलं काम आपला माणूस सहसा अर्धं टाकत नाही. आणि लग्न झालंच तरी सात वर्षं ते क्रेडिट खात्यात जिवंत राहिले असते, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून तिला पुढे चालू करता आलं असतं. मुलींना प्रोफेशनल कोर्सला फी माफी २०२४ पासून आली, फार चांगलं झालं, पण जी मुलगी त्या दारापर्यंत पोचतच नाही तिच्यासाठी दार बारावीच्या वर्गातच उघडलं पाहिजे. तो फुकट पासचा काळ आहे, तेवढ्यातच जे होईल ते.

अमेरिकेतही हाच अनुभव आहे. तिकडे अर्ली कॉलेज हायस्कूल म्हणून शाळा आहेत, गरीब घरातली, घरात कोणी कॉलेज पाहिलेलं नाही अशी मुलं मुद्दाम घेतात आणि हायस्कूलबरोबरच दोन वर्षांचं कॉलेज करून देतात. जागा कमी असल्या की चिठ्ठ्या टाकून प्रवेश देतात, त्यामुळे ज्यांचा नंबर लागला आणि ज्यांचा नाही लागला अशा दोन्ही मुलांची तुलना करता आली, आणि नंबर लागलेली मुलं कॉलेजला जास्त गेली आणि डिग्रीही जास्त जणांनी मिळवली. कारण मला अगदी ओळखीचं वाटतं. कॉलेज हे आपलं काम आहे की नाही हा प्रश्न त्यांच्या मनातून आधीच गेलेला असतो.

बरं, सरकार करेल तेव्हा करेल, आज आपल्या पोरांनी काय करावं. पहिलं म्हणजे अपार आणि डिजिलॉकर नीट करून घ्या, आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो, आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, वडिलांचं नाव कुठे आहे कुठे नाही, जन्मतारीख वेगळी. हे अकरावीतच दुरुस्त करा, बारावीनंतर ऍडमिशनच्या धावपळीत ते होत नाही.

दुसरं, एनपीटीईएल, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे ऑनलाइन कोर्स. २००३ पासून आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून चालवलेलं आहे, आता सरकारच्या स्वयम पोर्टलवर त्याचे कोर्स येतात. शिकणं पूर्ण फुकट, मोबाईलवर व्हिडिओ, दर आठवड्याला असाईनमेंट, आणि सर्टिफिकेट पाहिजे असेल तर हजार रुपयांच्या आसपास फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा. चार आठवड्यांचा कोर्स एक क्रेडिटचा, आठचा दोन, बाराचा तीन. २५ टक्के असाईनमेंटचे, ७५ परीक्षेचे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे कॉलेजं एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून मान्य करू शकतात. आता बारावीआधी केलेला कोर्स पुढे धरायचा की नाही हे त्या त्या कॉलेजच्या हातात आहे, म्हणून क्रेडिट मिळणारच असं मी कोणाला सांगत नाही, पण सतराव्या वर्षी आयआयटीच्या प्रोफेसरचा कोर्स पूर्ण करून परीक्षा पास झालेलं पोरगं एफ.वाय.ला वेगळ्याच ताठ मानेने बसतं हे मी पाहिलंय. फक्त वेळ नीट निवडा. जानेवारीचा कोर्स एप्रिलमध्ये संपतो, तो अकरावीच्या वार्षिक परीक्षेत अडकतो आणि बारावीच्या पोरांना तर फेब्रुवारीत बोर्डच असतं. जुलै ते ऑक्टोबरवाला घ्या, प्रिलिमच्या आधी मोकळे व्हाल. आणि पहिल्यांदा चार किंवा आठ आठवड्यांचाच घ्या. इंग्लिशची भीती वाटते हे खरं आहे, बऱ्याच कोर्सचं मराठी भाषांतरही उपलब्ध आहे, ते शोधून समोर ठेवा, पण व्हिडिओ मूळ इंग्लिशमधलाच ऐका, दोन आठवडे जड जातं, मग कान बसतो.

तिसरं, आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. डिग्री, २०२० ला सुरू झाली, डेटा सायन्सची, नंतर इलेक्ट्रॉनिक सिस्टीम्सचीही आली. याच्यात जेईई लागत नाही, चार आठवडे त्यांचं शिकायचं आणि मग क्वालिफायर परीक्षा, आणि अकरावी झालेला विद्यार्थीही ती देऊ शकतो, पास झाला की बारावीनंतर थेट सुरू. म्हणजे बोर्डाच्या आधी ऍडमिशन हातात! उत्पन्न आणि प्रवर्गाप्रमाणे फीमध्ये सवलत आहे. हे जळगावात राहून, घरचं वांग्याचं भरीत खाऊन करता येतं, आणि बाजूला इकडच्या कॉलेजची डिग्रीही करता येते कारण यूजीसीने २०२२ पासून एकावेळी दोन डिग्रींना परवानगी दिलीय. आमच्याकडे पालकांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, मॅडम हे खरं आहे का फसवणूक. खरं आहे, आयआयटी मद्रासच्या स्वतःच्या साईटवर जाऊन बघा, कोणत्याही एजंटला एक रुपया देऊ नका.

राहिलं आपलं विद्यापीठ. १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, २०१८ ला त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं, जळगाव, धुळे, नंदुरबार तीन जिल्हे त्याच्याकडे. नवीन धोरणात डिग्रीचे किमान १२० क्रेडिट झाले आणि त्यातले बरेच मुख्य विषयाबाहेरचे आहेत, भाषा, कौशल्य, भारतीय ज्ञानपरंपरा, पर्यावरण, मूल्यशिक्षण असे दोन-दोन क्रेडिटचे. मला वाटतं सुरुवात इथूनच करावी, कॅल्क्युलसपासून नाही. दोन क्रेडिटचा एक पेपर, साठ तासांचं काम, बारावीच्या विद्यार्थ्याने शनिवारी त्याच आवारात सिनिअरच्या प्राध्यापकांकडे करावा, परीक्षा विद्यापीठाने घ्यावी, क्रेडिट खात्यात जमा व्हावेत, आणि जळगाव-धुळे-नंदुरबारच्या कुठल्याही कॉलेजात ते मानले जावेत, टेक्सासने ४२ क्रेडिटचं जे केलं तसं. कुठलं क्रेडिट कुठे लागू होणार हे आधीच लेखी कळवलं तर निदान पुतणीच्या मैत्रिणीसारखी गत आपल्या पोरांची होणार नाही. एखाद्या स्वायत्त कॉलेजने मनावर घेतलं तर ते विद्यापीठाच्याही आधी करून दाखवू शकेल, त्यांना अभ्यासक्रमाचं स्वातंत्र्य आहेच. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा बाजूला आवार लांब लांब आहेत, तिथे आश्रमशाळेच्या ज्युनिअर कॉलेजातच शिक्षकाला मान्यता देऊन शिकवलं पाहिजे, मुलांना जळगावला बोलावून ते होणार नाही.

याचा दोन पानी प्रस्ताव मी लिहून आमच्या प्राचार्य सरांकडे दिलाय, सिनिअरच्या मॅथ्स आणि मराठीच्या विभागप्रमुखांनी त्यावर सही केली आहे, आता तो पुढच्या बैठकीत येईल. तोपर्यंत थांबायचं नाही म्हणून या जुलैपासून शनिवारी दुपारी साडेबाराला, शेवटची एसटी दोनला असते तिच्या आत, लॅबमध्ये आठ आठवड्यांचा एनपीटीईएलचा एक कोर्स आम्ही पोरांबरोबर बसून करणार आहोत, प्रोजेक्टर आहे, नेट माझ्या मोबाईलचं. ज्यांना परीक्षेची फी जड जाईल त्यांची फी भरायला जुने विद्यार्थी तयार झालेत, तो डिप्लोमावाला मुलगा त्यात पहिला. दुसऱ्या तालुक्यातल्या ज्या सर-मॅडमना असं काही सुरू करायचं असेल त्यांनी प्रस्तावाचा मसुदा माझ्याकडून घ्या आणि त्यात फक्त तुमच्या कॉलेजचं नाव घाला.